रुकडीकर सरांची फिकट रेषा

संध्याकाळी रुकडीकर सर हवे असले तर त्यांच्या घरी जाण्यात अर्थ नसायचा. सरळ रंकाळ्यावर जायचं. निम्मं कोल्हापूर कठड्याला टेकून पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं असायचं, हातात भेळेचे कागद, आणि त्या गर्दीत एकच माणूस सूर्याकडे पाठ करून उभा असायचा. ते सर. पाण्यावर केशरी पट्टा पडलाय, लेकराबाळांसकट माणसं टक लावून बघतायत, आणि हा बाबा त्या माणसांची तोंडं न्याहाळतोय. एकदा एका पैलवानानं हटकलंच. "ओ पावणं, आमच्या तोंडाकडं काय बघताय? दिस तिकडं बुडतोय." सर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "उजेड काय बघायचा हो? तो पडल्यावर पुढच्याचं काय होतं ते बघावं." पैलवान बिचारा स्वतःच्या तोंडावरून हात फिरवत बसला. मी शेजारी उभी होते, लाजेनं अर्धी झाले.

सर आमच्या भौतिकशास्त्र विभागात सैद्धांतिक संशोधन करायचे. सैद्धांतिक म्हणजे कागद, पेन्सिल आणि डोकं. साठच्या दशकाच्या शेवटी मी त्या विभागात लागले आणि वर्णपटाची प्रयोगशाळा माझ्याकडे आली. मी कागलकडची, शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. दिवा लावायचा, प्रिझममधून बघायचं. रेषा दिसली तर ती हाय, न्हाई दिसली तर न्हाई. माझं शास्त्र एवढंच होतं आणि त्यात मी सुखी होते.

पहिल्याच आठवड्यात मी सोडियमचा दिवा पेटवून बसले होते, तर दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. कोटाच्या दोन्ही बाह्या खडूनं पांढऱ्या झालेल्या. मला म्हणाले, "हा पिवळाच का?"

"सोडियम आहे म्हणून."

"सोडियमला विचारलंत?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मीही म्हटलं, "सर, सोडियम बोलत नाही. बोलला तर तुम्हाला बोलावते." त्यावर ते इतके मनापासून हसले की माझा राग जागीच विरला. मग स्टूल ओढून बसले आणि त्या पिवळ्या उजेडात बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. हात राखाडी दिसत होता. "बाकी सगळे रंग गेले बघा, एकटा हा उरला," असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. सर बोलता बोलता असेच निघून जायचे.

आयन म्हणजे काय, हे मी पुस्तकात शिकले होते. पण खरं कळलं ते गंगावेशीत. तिथे संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. सर तिथले रोजचे गिऱ्हाईक. एकदा आम्ही विभागातले दोघंतिघं त्यांच्याबरोबर गेलो, तर शामू गवळी धार काढता काढता म्हणाला, "मास्तर, एवढी वर्षं येताय, पर तुमी करताय तरी काय नक्की?"

सरांनी पेला खाली ठेवला. "असं बघ शामू. तुझ्या गोठ्यातल्या म्हशी म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि गोठा म्हणजे अणू. कडेची एक म्हैस तू विकलीस. आता उरलेल्यांना तू काय करशील?"

"जरा आवळून बांधीन की. आणि एखादी जायची."

"झालं! आयन तो हाच. एक गेलेला, उरलेले आवळून बांधलेले. आता अशा गोठ्यावर उजेड पडला तर कडेची जी म्हैस उरलीय ती किती उसळेल, याचा मी हिशेब करतो."

शामूनं गंभीरपणे मान हलवली. मग विचारलं, "आणि दूध किती देतोय ह्यो तुमचा आयन?"

"अजून थेंब नाही," सर म्हणाले. आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र ओठावरचा फेस तसाच ठेवून त्या म्हशींकडे बघत होते.

सरांचा आयन मॅग्नेशियमचा होता. एक इलेक्ट्रॉन गेलेला, अकरा उरलेले. त्यातले दहा आत, आणि कडेला एकटा. या कडेच्या एकट्यावर उजेड पडला की तो ठरावीक उड्या मारतो आणि उडीगणिक उजेडातून एक रंग गिळतो. तो गिळलेला रंग म्हणजे वर्णपटातली एक काळी रेषा. काही रेषा ठळक, काही फिकट. सरांनी सगळं आयुष्य यातल्या एकाच उडीवर लावलं होतं. तो रंगही असा की डोळ्याला दिसत नाही आणि वरच्या हवेतून जमिनीपर्यंत पोचतच नाही. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, जे कुणाला दिसणार नाही त्याच्यामागं कशाला लागलाय?" तर म्हणाले, "पाटीलबाई, आपण बघत नाही म्हणून ते थांबलंय थोडंच?"

त्या उडीचा हिशेब मोठा विचित्र. पानंच्या पानं बेरीज करायची. अर्धी बेरीज वर चढत जाते, उरलेली अर्धी तेवढीच खाली उतरते, आणि शेवटी हाती जवळजवळ काही राहत नाही. सर म्हणायचे, "दोघंही केवढे मोठे आणि दोघंही खरे. भेटले की उरत नाहीत." हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू व्हायचा की मागच्या बाकांवरची पोरंही गप्प व्हायची. त्यांचा निष्कर्ष असा की मॅग्नेशियमच्या आयनाची ही रेषा नसल्यातच जमा आहे. त्या एका रंगाला तो ओळखच देत नाही. हा निबंध त्यांनी परदेशी नियतकालिकात छापून आणला होता. सरांच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी लेकरासारखी जपली होती.

आकडेमोडीला विभागात हँडल फिरवायचं एक गणकयंत्र होतं. त्याचा आवाज उसाच्या चरकासारखा, म्हणून आम्ही त्याला चरकच म्हणायचो. दुपारभर ते करकरत असायचं. सरांच्या पत्नी, माई, डबा घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "निघाला का रस?" माई बोलायला माझ्यापेक्षा तिखट. एकदा मला म्हणाल्या, "बाई, बाकीच्यांच्या सवती निदान दिसतात तरी. माझी ही मेली दिसतही नाही, आणि वर हे म्हणतात की ती नाहीच आहे. नाही तर मग जेवायच्या वेळी हे कुणाच्या नादात असतात?" सर खाली मान घालून हसायचे आणि भाकरी आमटीऐवजी ताकात बुडवायचे.

मग सदा आला. सदाशिव, आजऱ्याचा, गडगड बोलणारा, कामाला वाघ. सरांकडे पीएचडीला लागला. सरांनी काढलेल्या आकड्यावर पुढचं सगळं काम त्यानं उभं केलं. त्याच उडीच्या आजूबाजूच्या रेषा, दुसरे तसेच आयन, सगळं. प्रबंध टाइप झाला, बांधून झाला, सोनेरी अक्षरं ठोकून झाली. सादर करायचं तेवढं राहिलं होतं. आजऱ्याकडच्या एका कॉलेजात नोकरी धरून ठेवली होती आणि नोकरीवर लग्न. आम्हाला लाडू मिळायचे बाकी होते.

तेवढ्यात पुण्याहून एक पाहुणे व्याख्यानाला आले. खगोलशास्त्राचे. पडद्यावर आलेख दाखवत होते. उपग्रहातून दूरच्या ताऱ्यांचा उजेड मोजलाय, हवेच्या वर, त्यामुळे इथे न पोचणारे रंगही सापडलेत. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जो विरळ वायू आहे त्यानं कुठले रंग गिळले, ते दिसतंय. एका ठिकाणी काठी टेकवून ते सहज म्हणाले, "ही इथे मॅग्नेशियमच्या आयनाची रेषा. फिकट आहे, पण आहे."

सदाकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. सर उठून पडद्याजवळ गेले. नेहमीप्रमाणे त्यांनी प्रोजेक्टरकडे पाठ केली, आलेख त्यांच्या कोटावर पडला, आणि ते त्या रेषेशी नाक लावून उभे राहिले. खाली बसलेल्यांना वाटलं, आता भांडतील. सर वळले आणि म्हणाले, "किती सुंदर आहे हो!" आयुष्यभर 'नाही' म्हटलेली वस्तू समोर येऊन उभी राहिली, की माणसानं दुसरं काय करावं?

दुसऱ्या दिवशी सदा प्रबंध घेऊन सादर करायला निघाला, तर सरांनी त्याला जिन्यातच अडवलं.

"सदा, थांबायचं."

"कशापायी सर?"

"रेषा आहे. आपण नाही म्हणतोय."

सदाचा आवाज चढला. "सर, परीक्षकांस्नी कुठं ठावं हाय हे? ते जुन्या वळणाचे हाईत. पास करतील, मग करू की दुरुस्त निवांत! माझं लगीन ठरलंय सर. नोकरी काय माझ्यासाठनं थांबती व्हय?"

"परीक्षकांना ठाऊक नसेल," सर म्हणाले. "मॅग्नेशियमला ठाऊक आहे."

सदानं तो सोनेरी अक्षरांचा प्रबंध जिन्याच्या कठड्यावर आपटला आणि गेला. मी सरांवर तोंड टाकलं. खरं सांगते, मला त्या पोराची बाजू पटत होती. "तुमचं निम्मं आयुष्य झालंय सर, त्याचं सुरू व्हायचंय. तुमच्या आकड्यापायी त्याची भाकरी का घालवताय?" दुसऱ्या दिवशी सर रजेचा अर्ज टाकून गायब.

कुठे गेले? तर एसटी पकडून आजऱ्याला. हे मला सदानंच पुढे सांगितलं. सर त्याच्या दारात उभे राहिले, त्याच्या वडिलांना नमस्कार केला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्या पोरानं मी दिलेल्या पायावर घर बांधलं. पायाच तिरका निघाला, तर आता दोघांनी मिळून उकलायला पाहिजे." सदाचे वडील काजूच्या बागेतला माणूस, त्यांना यातलं ओ का ठो कळलं नाही. पण कोल्हापूरचा मास्तर एसटीत धक्के खात येऊन आपली चूक सांगतोय, हे कळलं. त्यांनी सरांना जेवायला बसवलं, मुलीकडच्यांना थांबायचा निरोप धाडला आणि निघताना घनसाळ तांदळाची पिशवी हातात दिली. सर परत आले ते त्या पिशवीसकट आणि सदासकट. तांदळाचा घमघमाट तीन दिवस विभागात होता.

सदा आला खरा, पण चूक सापडेना. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, चरक करकरून थकला. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, उत्तर पुन्हा तेच. रेषा नाही. आणि वर आकाशात ती आहे. सर खात नव्हते, बोलत नव्हते. माई मला एका बाजूला घेऊन म्हणाल्या, "पूर्वी तिच्या नादात असायचे तेव्हा हसायचे तरी. आता ती आहे म्हटल्यावर रडकुंडीला आलेत. काहीतरी करा बाई." मी काय करणार? मी म्हटलं, किरणोत्सव आलाय, त्यांना देवळात तरी नेऊ या.

आमच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा मावळतीचा किरण महाद्वारातून आत येतो. कमानीखालून, मंडपातून, उंबरे ओलांडत थेट गाभाऱ्यात. आधी पायांवर, मग वर चढत चढत मुखावर. त्या वेळी आतले दिवे मालवतात. माणसं दोन्ही बाजूंनी भिंतींना चिकटून उभी राहतात आणि मधली वाट मोकळी सोडतात. किरणाच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

सर अर्थातच देवीकडे पाठ करून उभे. मी मनात म्हटलं, आज तरी माणसानं नमस्कार करावा. किरण आत आला. फरशीवरून सरकत सरकत पुढे चालला. सगळीकडे शांतता, कापराचा आणि ओल्या दगडाचा वास. त्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते. माझं लक्ष देवीच्या पावलांकडे होतं, आणि एकदम सरांनी माझं मनगट धरलं. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"पाटीलबाई, माणसं बघा."

मी बघितलं. किरण एकाच्याही अंगावर नव्हता. तो मधून, मोकळ्या वाटेनं चालला होता. पण तो जसा पुढे जाईल तशी दोन्ही बाजूंची माणसं हलत होती. माना उंचावत होत्या, खांदे कलत होते, कुणी टाचा उचलत होतं, बाया लेकरांना वर धरत होत्या. सगळी गर्दी किंचित झुकत होती आणि परत जागेवर येत होती.

"तो देवीसाठी आलाय," सर कानाशी बोलले. "आणि हालतंय कोण? सगळे. आपण आतल्या दहांना गपगार बसवलं हो. ते बसतील कसे?"

एवढंच. कडेच्या एकट्यावर उजेड पडतो, म्हणून हिशेब त्याचाच करायचा; आतले दहा आवळून बांधलेले, ते जागचे हलत नाहीत, असं धरून चालायचं. सरांच्या धंद्यातले बहुतेक सगळे तेव्हा तसंच धरायचे, कारण त्याशिवाय आकडेमोड आवरत नाही. आणि एरवी त्यानं बिघडतही नाही. पण जिथे दोन डोंगर एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती चिमूटभर उरायचं असतं, तिथे आतले दहा जण केसभर जरी झुकले, तरी ती चिमूट पार बदलते. सर पायऱ्या उतरत होते ते अक्षरशः तरंगत. खाली थांबलेल्या माईंनी विचारलं, "दर्शन झालं का?" "झालं," सर म्हणाले. मला तेव्हा त्या दोघांचा हेवा वाटला, आजही वाटतो.

मग परत चरक सुरू झाला. सदा आणि सर आळीपाळीनं हँडल फिरवायचे आणि माझा तास नसला की मीही. आतल्या दहांना झुकू द्यायचं, ते किती झुकतात ते काढायचं, मग पुन्हा सगळी बेरीज. पावसाळा गेला, गुऱ्हाळं सुरू झाली, खालच्या शेतांतून काकवीचा वास वर यायचा. एका दुपारी सदानं शेवटचा आकडा फळ्यावर मांडला आणि नुसता उभा राहिला. शून्य नव्हतं. इवलंसं काहीतरी उरलं होतं. फिकट रेषेपुरतं.

नवा निबंध लिहिताना पहिलं वाक्य सरांनी स्वतः लिहिलं: आमचा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता. आणि नावांत सदाचं नाव आधी, स्वतःचं मागे. सदा कावराबावरा झाला. "सर, हे बरं दिसत न्हाई." "मी जरा सरकलो तर बिघडलं कुठं?" सर म्हणाले. सदाला पदवी मिळाली, नोकरीही मिळाली, लग्नात सरांनी आजऱ्याच्या भाताची एवढी स्तुती केली की वाढपी त्यांच्याच पानाभोवती फिरत राहिला.

पण एक काटा राहिलाच. उपग्रहानं रेषा दाखवली, तरी ती नेमकी किती ठळक हे पक्कं ठरत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हिशेबात वेगळा आकडा, तिसऱ्याचा आणखी वेगळा. रेषा आहे हे कबूल. पण आपला आकडा खरा का? सर निवृत्त झाले. माई गेल्या. गंगावेशीत सर अजून यायचे, शामूचा मुलगा धार काढायचा. मी भेटले की सर पहिला प्रश्न तोच विचारायचे, "काय म्हणतोय आपला मॅग्नेशियम?" मी म्हणायची, "अजून काही कळवलेलं नाही, सर." "कळवेल. घाई उजेडाला असते. आपल्याला कशाला?" असं म्हणायचे खरे, पण पेल्यातलं दूध तसंच राहायचं. मला फार वाईट वाटायचं. आणि त्या मेल्या आयनाचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ग्रंथालयात नवं नियतकालिक चाळत होते आणि पानावर हात थांबला. ती रेषा पुन्हा मोजली होती, नीट, चांगल्या साधनांनी. आकडा दिला होता. मी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. आमच्या फळ्यावरचा आकडा त्याच्या मापात बसत होता.

नेमका किरणोत्सवाचा दिवस होता. सर कुठे असणार हे मला विचारायची गरज नव्हती. महाद्वारातून धावतपळत आत गेले. सर फार थकले होते. आजऱ्याहून मुद्दाम आलेल्या सदानं त्यांना दंडाला धरून मंडपात उभं केलं होतं. अर्थातच देवीकडे पाठ. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्यापर्यंत पोचले आणि धापा टाकत म्हणाले, "सर, जुळला."

"कोण?"

"आपला आकडा. मोजलाय त्यांनी. जुळला, सर!"

सदानं "आयला!" म्हणून तोंडावर हात धरला. सर माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते. मग म्हणाले, "म्हणजे झुकले होते."

"झुकले होते, सर. सगळेच्या सगळे."

त्याच वेळी आतले दिवे मालवले. आम्ही बोलण्याच्या नादात कुठे येऊन उभे राहिलो होतो याचं भान कुणालाच नव्हतं. मागून एक सेवेकरी खणखणीत ओरडला, "ओ आजोबा! किरण अडतोय! बाजूला व्हा!"

सरांनी खाली बघितलं. किरण येऊन त्यांच्या पावलांना लागला होता आणि त्यांची लांब सावली मागे गाभाऱ्याकडे पसरली होती. त्यांना केवढं हसू आलं! "सरकतो की, सरकतो," म्हणत सदाचा हात धरून ते हळूच बाजूला झाले, आणि जन्मात पहिल्यांदा वळून, किरण कुठवर जातोय ते बघत उभे राहिले.